दोन फुटी तयार रीफ किट: काच आणि पंप ठेवा, बाकीचं बघून घ्या

कुर्ल्यात, क्रॉफर्ड मार्केटात आणि ऑनलाइन, सगळीकडे हल्ली रीफ टाकीचं, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे पाळायच्या टाकीचं, साधारण एकच किट वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतं. २४ × १६ × १६ इंचांची टाकी, मागच्या बाजूला चार इंचांचा फिल्टरचा कप्पा, वर अडकवायचा एलईडी दिवा, रिटर्न पंप (मागच्या कप्प्यातलं पाणी पुढे आणणारा), छोटा स्किमर (फेस करून घाण काढणारा), हीटर, स्पंज आणि सिरॅमिक रिंगांची पिशवी. खोक्यावर केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशचा फोटो असतो आणि ‘लावा आणि विसरा’ अशा थाटाचं काहीतरी छापलेलं असतं. काही दुकानदार वर एमडीएफचं स्टँडही गळ्यात मारतात.

निकाल आधीच सांगून टाकू. किट घेण्यासारखं आहे, पण अख्खं नाही. काच आणि रिटर्न पंप ठेवा, हीटर आणि स्किमर खोक्यातच राहू द्या, दिव्याकडून माफक अपेक्षा ठेवा आणि वाचलेला पैसा थंडाव्यात व पाण्यात घाला. हे किट थंड हवेच्या देशांतल्या घरांसाठी आखलेलं आहे. त्यात पाणी तापवायची सोय आहे, गार करायची नाही. मुंबईत नेमकं उलटं लागतं. इथल्या छोट्या रीफ टाक्या बहुतेक वेळा दोन कारणांनी कोसळतात, एक मे महिना आणि दुसरं नळाचं पाणी. किटमध्ये या दोन्हींवर काहीच नाही.

काच, स्टँड आणि प्लग

काच ८ मिमीची असेल तरच घ्या. ६ मिमीच्या आवृत्त्याही फिरतात, त्या स्वस्त पडतात आणि पुढची काच भरल्यावर मधोमध किंचित फुगते. दुकानातच टाकी उजेडाकडे धरून सिलिकॉनचे जोड बघा. जोडात बुडबुड्यांची सलग रेघ दिसली तर दुसरा पीस मागा. एखाददुसरा सुटा बुडबुडा चालतो. मागच्या कप्प्यात पाणी जायला जी दातेरी फट असते तिचे दात फार रुंद असले तर गोगलगायी आत जाऊन बसतात आणि पंप अडकतो. मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावला की प्रश्न मिटतो.

घरी आणल्यावर दहा मिमीचा फोम खाली घालून बाल्कनीत साध्या पाण्याने भरा आणि ४८ तास ठेवा. जोडांच्या कडेला कोरडा टिश्यू पेपर पसरून ठेवला की थेंबभर पाझरही कळतो.

वजनाचा हिशेब स्टँडसाठी लागतो. बाहेरून मोजली तर टाकी १०० लिटरची भरते, पण वरची रिकामी जागा, खडक आणि वाळू वजा करता प्रत्यक्ष पाणी ८० लिटरच्या आसपास. काच २५ किलो, खडक-वाळू मिळून १५ किलो. म्हणजे सगळं मिळून १२० किलो धरा. स्लॅबला याचा काही त्रास नाही, फक्त भिंतीलगत ठेवा. अडचण किटसोबतच्या एमडीएफ स्टँडची आहे. खारं पाणी सांडतंच, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत एमडीएफच्या कडा पावासारख्या फुगतात. आयएस ७१० ची मरीन प्लाय वापरून सुताराकडून करून घ्या किंवा कडप्प्याची फळी असलेला ओटा असेल तर तोच उत्तम. लोखंडी स्टँडला रंग कितीही जाड दिला तरी वेल्डिंगच्या जागी गंज धरतो.

किटमधल्या वायरींना बहुधा परदेशी दोन पिनांचे प्लग असतात आणि सोबत एक ढिला ॲडॉप्टर. आपल्या सॉकेटमध्ये तो हलतो, ठिणग्या पडतात. इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या, टाकीच्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे वर चढण्याआधी खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर नको, बाजूला भिंतीवर हवा.

उष्णता: किटची सर्वात मोठी उणीव

प्रवाळाला २५ ते २७ अंश मानवतं. २७.५ वर स्थिर असलेली टाकीही छान चालते. पण २९-३० च्या वर पाणी बरेच दिवस राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, म्हणून मासे पृष्ठभागाशी येऊन श्वास घेताना दिसतात. मेमध्ये बंद फ्लॅटमधली हवा ३१-३२ अंशांवर असते. पंप आणि दिवा मिळून ४०-५० वॅट उष्णता पाण्यात सोडतात. म्हणजे काहीच केलं नाही तर पाणी खोलीपेक्षाही गरम राहतं.

स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा मारणारे १२ व्होल्टचे छोटे पंखे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दिवसाला दोन लिटर उडालं तर सरासरी ५५ वॅट उष्णता बाहेर गेली, म्हणजे पंप-दिव्याचा हिशेब फिटला. पण हे कोरड्या हवेत. हवा जितकी दमट तितकं बाष्पीभवन मंद. डिसेंबर ते मार्च पंखे मस्त काम करतात, ऑक्टोबरच्या उकाड्यातही दुपारी हवा त्यामानाने कोरडी असल्याने बऱ्यापैकी चालतात. मे-जूनमध्ये मात्र घाम जसा वाळत नाही तसं टाकीचं पाणीही गार होत नाही. पंखा कितीही जोरात फिरवा, पाणी २८-२९ च्या खाली यायला तयार नसतं.

म्हणून चिलर. या आकाराला १/१० अश्वशक्तीचा पुरतो. तो टाकीपेक्षा महाग पडू शकतो, आणि इथेच लोक माघार घेतात. दीडशे वॅटचा चिलर दिवसाला आठ तास चालला तर १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. मेमध्ये जास्त, जानेवारीत जवळजवळ शून्य. तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवू नका. स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढून तो अखंड चालत राहतो आणि वर्षभरात कॉम्प्रेसर जातो. खिडकीखाली, मागे निदान एक फूट मोकळी जागा सोडून ठेवा, आणि जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा.

‘बेडरूममध्ये एसी आहेच’ हा युक्तिवाद दुकानदारही करतात. एसी चोवीस तास चालत असेल तर ठीक. फक्त रात्री चालत असेल तर टाकी रोज २६ वरून ३० वर आणि परत अशी झुलते, आणि हे झुलणं स्थिर २८.५ पेक्षा वाईट. दार-खिडक्या बंद असलेल्या एसीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच ७.७-७.८ पर्यंत उतरतो, तेही लक्षात ठेवा. सकाळी तासभर खिडकी उघडली की तो वर येतो. त्यासाठी बाटलीतलं औषध ओतायची गरज नाही.

किटमधला १०० वॅटचा हीटर मुंबईत वर्षातून फार तर काही रात्री लागेल. त्याचा थर्मोस्टॅट साधा असतो आणि बिघडतो तेव्हा बहुधा ‘चालू’ अवस्थेत अडकतो. ८० लिटर पाण्याला १०० वॅट अखंड म्हणजे ताशी जवळपास एक अंश. सकाळी ऑफिसला जाताना बिघडला तर संध्याकाळपर्यंत खेळ खलास. ठेवायचाच असेल तर बाहेरच्या तापमान नियंत्रकावर लावा. इंकबर्डचा आयटीसी-३०८ सारखा दोन सॉकेटचा नियंत्रक घेतला तर एका बाजूला हीटर, दुसऱ्या बाजूला पंखे किंवा चिलर, आणि दोन्ही एकाच वेळी चालू राहण्याची भानगड नाही. त्याचा सेन्सर पाण्यात नीट बांधून ठेवा, तो निसटून हवेत लोंबकळला की नियंत्रक खोलीचं तापमान वाचतो.

एक फुकटचा उपाय: दिवा सकाळी न लावता दुपारी तीन-चारला सुरू करून रात्री अकराला बंद होईल असा टायमर लावा. दुपारच्या कडक उन्हात दिव्याची भर पडत नाही, आणि लोकलचे धक्के खाऊन घरी आल्यावर टाकी उजळलेली मिळते.

पाणी आणि मीठ

महापालिकेचं तलावाचं पाणी प्यायला उत्तम आहे, त्याचा टीडीएसही (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी असतो. पण त्यात क्लोरीन असतं, सिलिकेट असतं, इमारतीच्या जुन्या पाइपांतून तांबं येऊ शकतं. तांबं कोळंबी आणि गोगलगायींना अगदी अल्प प्रमाणातही मारक. त्यामुळे कार्बन, मग आरओ मेम्ब्रेन, मग डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे), आणि शेवटी टीडीएस मीटरवर शून्य, याला पर्याय नाही.

‘घरी वॉटर प्युरिफायर आहे ना, तेच आरओ’ हा सर्वात मोठा गैरसमज. घरगुती प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते, जी न गाळलेलं पाणी किंवा क्षार परत मिसळते. नळीतून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजलात तर ३० ते ६० निघेल. मेम्ब्रेननंतर लगेच एक टी जोडून तिथून पाणी घ्या आणि पुढे रंग बदलणाऱ्या रेझिनची एक नळी लावा. रेझिनचा रंग तीन-चतुर्थांश बदलला की ती भरून घ्यायची. ज्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळतात तिथे रेझिन बघता बघता संपतं, त्यांनी मेम्ब्रेन आधी तपासावी. पाण्याचा दाब कमी असेल तर बूस्टर पंपाशिवाय मेम्ब्रेन नुसतं पाणी वाया घालवते. नाकारलेलं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला चालतं.

समुद्राकाठी राहतो तर समुद्राचंच पाणी का नको? जुहू, दादर, वरळी, कुठल्याही किनाऱ्यावरचं पाणी घेऊ नका. त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) धाडकन उतरते. काही विक्रेते कॅनमधून ‘खोल समुद्राचं’ पाणी देतात. ते कुठून आणि कधी भरलंय हे तपासायची आपल्याकडे काहीच सोय नसते.

मिठाच्या बाबतीत किट काहीच देत नाही, आणि ते बरंच आहे. मऊ प्रवाळांच्या टाकीला साधं रीफ मीठ पुरतं. रेड सी या ब्रँडची निळी बादली क्षारीयता (पाण्यातल्या कार्बोनेटांचं प्रमाण, डीकेएचमध्ये मोजतात) ८ डीकेएचच्या आसपास देते, त्यांचंच कोरल प्रो १२ च्या आसपास. दुसरं वेगाने वाढणाऱ्या कठीण प्रवाळांसाठी आहे, तुम्हाला नको. महाग म्हणून ते ‘चांगलं’ असं नाही.

लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम धरा. ८० लिटरला सुमारे तीन किलो. आधी पाणी, त्यात छोटा पंप चालू, मग हळूहळू मीठ. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पावसाळ्यात उघडी बादली हवेतलं पाणी ओढून घट्ट होते, वजनाचा हिशेब चुकतो. म्हणून शेवटी क्षारता मोजूनच खात्री करा. हवी ती ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६४.

किटमधला काचेचा तरंगता हायड्रोमीटर शोभेला ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पण तो साध्या पाण्याच्या शून्यावर जुळवून थांबू नका. स्वस्तातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, शून्यावर बरोबर आणि ३५ वर चूक. ३५ पीपीटीचं तयार कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर नेहमी आरओच्या पाण्याने, खाऱ्या पाण्याने नाही. पंखे लावले तर दिवसाला दीड-दोन लिटर, हे हाताने जमत नाही. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा पंप, हवाच. भर मागच्या कप्प्यात पडते, आणि पातळीही तिथेच उतरते, म्हणून सेन्सर रिटर्न पंपाच्या खणात लावा. पुढच्या भागात लावलात तर तो कधी चालू होणारच नाही.

दिवा, प्रवाह, स्किमर

दिवा वाईट नाही, पण त्याची मर्यादा खोक्यावर लिहिलेली नाही. पांढरा आणि निळा असे दोन चॅनेल असतात. पांढरा पूर्ण लावला की टाकी झगझगीत दिसते आणि तीन आठवड्यांत हिरव्या शेवाळाची दाढी उगवते. निळा ६०-७० टक्के, पांढरा १०-१५ टक्के, सुरुवातीला सहा तास, पुढे आठ. मश्रूम, झोअँथस आणि लेदर कोरल ही मऊ प्रवाळं यावर छान राहतात. आपल्या टाकीत त्यापलीकडे काही ठेवायचं नाहीये, त्यामुळे महागडा दिवा घेण्याची घाई नको. दिव्याच्या काचेवर खारट थर बसतो, तो आठवड्यातून एकदा ओल्या कापडाने पुसा. नुसत्या त्या थरानेही बराच उजेड अडतो.

रिटर्न पंप नावाप्रमाणे मागून पुढे पाणी आणतो, पण प्रवाळाला हलणारं पाणी हवं. ताशी १,५०० ते २,००० लिटरचा छोटा वेव्हमेकर वेगळा घ्या आणि तो समोरच्या काचेकडे तिरका लावा, म्हणजे झोत काचेवर आपटून फुटेल. झोत थेट मश्रूमवर पडला तर तो आक्रसतो आणि एक दिवस खडक सोडून वाहत जातो.

स्किमरबद्दल सरळ सांगायचं तर खेळणं आहे. कप कधी कोरडा, कधी कपभर पाणी उतू जातं, आवाज वेगळाच. ८० लिटरमध्ये दर आठवड्याला आठ-दहा लिटर पाणी बदललं तर तो नसल्याने काही बिघडत नाही. त्या कप्प्यात पांढरा फिल्टर फ्लॉस ठेवा आणि दर तीन दिवसांनी बदला. उशांत भरतात तो पॉलिस्टरचा कापूसही चालतो, फक्त त्यावर सुगंधी किंवा अग्निरोधक प्रक्रिया नको. स्पंज धुवायचा कंटाळा येतो, मग त्यात घाण कुजून नायट्रेट वाढतं, म्हणून तोही काढा. किटमधला कार्बन फेका आणि चांगला दाणेदार कार्बन शंभरेक ग्रॅम जाळीच्या पिशवीत ठेवून महिन्याने बदला. लेदर कोरल पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं, त्यासाठी तो लागतो.

खडक, वाळू आणि कायदा

भारतीय समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ (वर जीव वाढलेला प्रवाळखडक) कुणी देऊ केला तर तिथून निघा. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे, आणि त्या खडकात प्रवाळाचे सांगाडेच असतात. परदेशातून आलेली कठीण प्रवाळं आणि महाकाय शिंपले (ट्रायडॅक्ना) सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात आणि त्या यादीतले जिवंत प्राणी पाळायचे तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मश्रूम, झोअँथस, टोडस्टूल लेदर, ग्रीन स्टार पॉलिप हे कठीण प्रवाळांत मोडत नाहीत. ही टाकी त्यांच्यापुरतीच ठेवा, आणि प्रत्येक फ्रॅगचं (विकायला तोडलेल्या प्रवाळाच्या तुकड्याचं) नाव लिहिलेलं बिल मागा. जो बिल देत नाही त्याच्याकडून घ्यायचं काहीच कारण नाही.

कृत्रिम किंवा कोरडा ॲरागोनाइट खडक सात-आठ किलो आणि ॲरागोनाइट वाळू सात किलो पुरते. तेवढ्या वाळूचा थर बरोबर अडीच सेंटिमीटरचा होतो. खडक आधी काचेवर टेकवा, मग वाळू. वाळूवर खडक ठेवला तर वाळू उकरणारे मासे त्याखाली बीळ करतात आणि खडक घसरून काचेवर येतो. मागची भिंत रचल्यासारखा ढीग करू नका. दोन बेटं, मधून हात जाईल एवढी वाट, आणि सर्व बाजूंनी काच साफ करायला दोन इंच.

ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया स्वतंत्र खडकावर ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत सगळीकडे तेच. झोअँथस हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं. असा खडक साफ करण्यासाठी कधीही उकळू नका. त्याची वाफ नाकात गेली तर अख्खं घर हॉस्पिटलात जाऊ शकतं.

सायकल

सायकल म्हणजे मासे आणण्याआधी टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणू वाढवणं. त्यासाठी किटमध्ये ‘इन्स्टंट बॅक्टेरिया’ची पुडी येते. दुकानाच्या कपाटात उन्हाळा काढलेल्या पुडीत जिवंत काही असेल असं धरून चालू नका. फ्रीजमध्ये ठेवलेली, मुदतीतली, नामांकित बाटली घ्या. जीवाणूंना खायला अमोनिया लागतो. ८० लिटर पाण्यात २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया आणायला शुद्ध अमोनियम क्लोराइड फक्त अर्धा ग्रॅम लागतं. प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या दर्जाचं मिळतं. कल्हईसाठी विकतात तो नवसागर हाच पदार्थ असला तरी त्यात धातूंची भेसळ असू शकते, तो टाकीत नको. मेलेली कोळंबी टाकून कुजवायची जुनी पद्धतही चालते, पण फ्लॅटमध्ये वास सहन होत नाही आणि मात्रा कळत नाही.

दिवा बंद, पंप चालू. अमोनिया उतरतो, नायट्राइट चढून उतरतं, नायट्रेट दिसू लागतं. दोन ते चार आठवडे. २ पीपीएमचा डोस २४ तासांत शून्यावर आला की टाकी तयार. मग नायट्रेट खाली आणायला निम्मं पाणी बदला.

त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पावडर पसरते. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, सिलिकेट संपलं की जातं. घाबरून औषध टाकणारे बरेच. लालसर, साय धरल्यासारखा चिकट थर आला तर प्रवाह वाढवा आणि खाणं कमी करा. सर्वात त्रासदायक ते बुडबुडे धरणारे तपकिरी शेंबडासारखे धागे, डायनोफ्लॅजेलेट. ते बहुधा टाकी ‘अतिस्वच्छ’ ठेवणाऱ्यांकडे येतात, जिथे नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य असतात. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असं असू द्या.

क्षारीयता आठवड्यातून एकदा मोजा. सॅलिफर्टच्या चाचणी किटमध्ये ४ मिली पाणी, चार थेंब सूचक, आणि निळा-हिरवा रंग नारिंगी-गुलाबी होईपर्यंत सिरिंजमधून थेंब थेंब. मऊ प्रवाळांना नेमाने पाणी बदलणं पुरतं. तरीही कमी निघाली तर ८० लिटरला १ डीकेएच वाढवायला २.४ ग्रॅम खायचा सोडा, आरओच्या पाण्यात विरघळवून, प्रवाहात. बेकिंग पावडर नव्हे, सोडाच. दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. चुन्याची निवळी, डोसिंग पंप वगैरे प्रकार या टाकीला नकोत.

मासे

दोन क्लाउनफिश, एक छोटी गोबी. फार तर एक फायरफिश, पण जाळीचं झाकण असेल तरच, तो उडी मारतो आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडतो. निळा टँग दुकानात दोन इंचांचा दिसतो, वाढून फूटभर होतो, दोन फुटी टाकीत तो ठेवणं क्रूरपणा आहे. पहिल्या वर्षी ॲनिमोनही (क्लाउनफिश ज्यात राहतात तो फुलासारखा प्राणी) नको, क्लाउनफिशचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

क्लाउनफिश पैदाशीचेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलं आहे, समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही. पकडलेले क्लाउनफिश अनेकदा ब्रुकलिनेला नावाचा परजीवी घेऊन येतात आणि काही दिवसांत जातात. दुकानात समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका. दुकानांत खर्च आणि परजीवी दोन्ही कमी राहावेत म्हणून क्षारता बऱ्याचदा १.०२० वर ठेवतात, तुमची १.०२६. म्हणून आधी साध्या बिनवाळूच्या २०-२५ लिटरच्या टाकीत, दुकानाच्या क्षारतेला, आणि तिथून तीन-चार दिवसांत वर. पिशवीतलं पाणी कुठेही ओतायचं नाही.

ही वेगळी टाकी महिनाभर चालवा. पांढरे मिठासारखे ठिपके दिसले तर तांब्याचा उपचार तिथेच करता येतो, मुख्य टाकीत तांबं गेलं की खडक-वाळू ते शोषून घेतात आणि मग कोळंबी कधीच टिकत नाही. आजार मुख्य टाकीत शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांशिवाय ठेवावी लागते. त्यापेक्षा एक महिना परवडला.

मुंबईच्या घरातलं आणखी थोडं

डासांची लिक्विड, कॉइल, कीटकनाशक स्प्रे यांतले पायरेथ्रॉइड माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीला घातक. ज्या खोलीत टाकी आहे तिथे ते लावूच नका. पावसाळ्यात वॉर्डाची धुराची फवारणी गल्लीत आली की खिडक्या बंद करा, पंखे थांबवा, टाकीवर ओलं फडकं टाका. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल तर आदल्या दिवशी कार्बन बदला. पाण्यात हात घालण्याआधी साबण, तेल, अत्तर सगळं नुसत्या पाण्याने नीट धुऊन काढा.

वीज गेल्यास आधी प्राणवायूची चिंता करा, तापमानाची नंतर. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक एअरस्टोन घरात असू द्या. तो सहा-आठ तास टाकी तगवतो.

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी: टॉप-ऑफचा दहा लिटरचा कॅन पंखे चालू असतील तर पाच-सहा दिवसांत संपतो. २० लिटरचा जार लावा आणि तो टाकीच्या पातळीच्या खाली ठेवा, वर ठेवलात तर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी येत राहतं आणि क्षारता कोसळते. ऑटो फीडरवर विसंबू नका, दमट हवेत पेलेट्सचा गोळा होतो आणि अख्खा गोळा एकदम पडतो. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे चिमूट चिमूट खाणं मोजून ठेवा, एक दिवस आड, आणि मुख्य डबा कपाटात लपवून जा. तीन छोटे मासे दोन दिवस उपाशी राहिल्याने काही होत नाही. प्रेमाने जास्त घातलेल्या खाण्याने मात्र अमोनिया वाढतो, आणि ते पाणी बदलायला घरी कुणी नसतं.